शेतातला अर्धा वाटा: पावसाळा, हिवाळा आणि नागपूरचा उन्हाळा काढल्यावर

नागपूरजवळच्या एका शेतातल्या भाजीचा अर्धा वाटा आम्ही वर्षभर घेतला: पैसे आधी भरायचे, मग दर आठवड्याला शेतात जे निघेल ते घ्यायचं. आधी पैशाचं सांगतो, कारण ओळखीतला प्रत्येक जण पहिलं तेच विचारतो. पहाटे कॉटन मार्केटला जाऊन भाव करून भाजी आणणाऱ्याला हा वाटा महागच पडेल. मॉलमधली ‘ऑरगॅनिक’ छापलेली पाकिटं घेणाऱ्याला स्वस्त वाटेल. आम्ही गोकुळपेठ बाजारवाले, म्हणजे दोघांच्या मधले. वर्षाचा हिशेब धरला तर आमचा खर्च थोडा वाढला.

शेत कळमेश्वरच्या बाजूला आहे. पैसे जूनमध्येच, पेरणीच्या आधी भरायचे. त्यातून बियाणं, मजुरी, ठिबकची दुरुस्ती निघते. मग दर रविवारी शेतात जे निघेल ते सभासदांत वाटलं जातं. प्रताप नगरात एका सभासदाच्या पार्किंगमध्ये क्रेट येतात, आपण आपापली पिशवी भरून न्यायची. चौघांच्या घराला अर्धा वाटा पुरतो, साधारण चार किलो. काय हवं ते सांगायची सोय नाही, आणि पीक गेलं तर पैसे परत नाहीत. जपानमध्ये १९७०च्या दशकापासून ‘तेइकेई’ नावानं आणि अमेरिकेत १९८६ पासून हेच चालत आलंय: नुकसानीतही वाटा घ्यायचा. सही करताना ही अट फारशी कुणी वाचत नाही.

पावसाळा यथातथाच गेला. भेंडी, दोडके, बरबटी (चवळीच्या शेंगा), पुन्हा दोडके. पालेभाजीला काळी माती अशी चिकटून यायची की तीन पाण्यांनंतरही भांड्याच्या तळाशी गाळ. पण पहिल्या पावसानंतर कोवळा तरोटा, म्हणजे टाकळा, आला, पुढे अंबाडी आली, आणि बाजारात ज्याचा भाव ऐकून आपण पुढे सरकतो ते काटवल (करटुलं) धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तोडून आलं. तरोटा बघून माझी आई जी खूश झाली, ती पुढचे दोडके येईपर्यंत टिकली.

खरी वसुली हिवाळ्यात होते. डिसेंबरपासून तुरीच्या ओल्या शेंगा यायला लागल्या आणि घरात सोल्यांचाच, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांचाच, कारभार सुरू झाला: सोले-वांगी, सोलेभात, आमटीत मूठभर. सकाळी तोडलेल्या शेंगेतला दाणा गोड लागतो. बाजारात दोन दिवस पडून आलेला तोच दाणा पिठूळ होतो, हा फरक डोळे मिटूनही कळेल. पोपटाच्या (वालाच्या) शेंगा, लसणाची हिरवी पात, भरताची वांगी. सांभार, म्हणजे कोथिंबीर, तर इतका की एका रविवारी सांभारवडीचा घाट घालावाच लागला. आंबिया बहाराची संत्रीही आली. साल हिरवट, आकार वेडावाकडा, व्यापाऱ्यानं बाजूला काढली असती अशी, पण रसाला तोड नाही.

फेब्रुवारी संपता संपता गारपीट झाली. टमाटर आणि मेथी आडवी झाली. पुढचे काही आठवडे पिशवीत कांद्याची पात आणि कोहळं, एवढंच. शेतकऱ्यानं त्याच संध्याकाळी ग्रुपवर फोटो टाकले आणि रविवारी स्वतः क्रेटसोबत आला. “सारं झोपलं भाऊ, आता दीड महिना हेच समजा,” असं सरळ सांगितलं. काही सभासदांनी पैसे परत मागितले, बरीच वादावादी झाली. मला त्या मागणीत दम वाटला नाही. अट आधीच माहीत होती.

राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्या पडत्या काळात एकदा पिशवीत घट्ट, चकचकीत पानकोबी आली. विचारल्यावर कळलं, वजन भरायला दुसऱ्याच्या शेतातली घेतलेली, फवारणीची. पिशवी अर्धी द्या, पण हे देण्याआधी सांगा, असं मी ग्रुपवर लिहिलं. तेव्हापासून बाहेरची भाजी वेगळ्या क्रेटमध्ये असते, चिठ्ठी लावून.

सेंद्रियचं म्हणाल तर शेताकडे ‘पीजीएस-ग्रीन’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे रासायनिकमधून बदल होण्याच्या टप्प्यातली जमीन. या पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. बाहेरचा निरीक्षक येत नाही, म्हणून मी शेत बघून आलो. जीवामृताची (शेण-गोमूत्राच्या खताची) टाकी, कीड मारायला केलेल्या दशपर्णी अर्काचा उग्र वास, आणि अळीनं चाळणी केलेली पानं. माझा विश्वास त्या पानांवर जास्त बसला.

आता उन्हाळा. पारा ४५ ला टेकला की पालेभाजीचं नाव काढायचं नाही, चिवळ तेवढी तग धरते. बाकी गवार, काकडी आणि ढेमसं. क्रेट सकाळी सातच्या आत, ओल्या बारदानाखाली येतात. साडेआठला गेलात तर काकडी मऊ पडलेली. ढेमसं इतकी आली की मुलीनं पिशवी उघडून बघणंच सोडलं.

घरी निवडायला, सोलायला हात असतील तरच यात पडा. आमच्याकडे आई आणि मी संध्याकाळी टीव्हीसमोर बसून शेंगा सोलतो, म्हणून निभतं. एका मित्राकडे स्वयंपाकाच्या मावशींनी तुरीच्या शेंगांची पाटी बघून “हे माझ्याच्यानं नाही होत” म्हटलं आणि त्यानं वाटा सोडला. मावशींचं चुकलं नाही.

मी यंदा विचारून पाहिलं की ऑक्टोबर ते फेब्रुवारीच घेतलं तर? उत्तर मिळालं, “हिवाळ्यात तर मार्केटही भरून वाहते भाऊ. आम्हाले पैसा जूनमध्ये लागते.” यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. पूर्ण वर्षाचे पैसे भरले. वरच्या मजल्यावरच्या काकूंना उन्हाळ्याची भाजी निम्म्या पैशांत घ्याल का, असं विचारलंय. ढेमसं चालतील म्हणाल्या, पण मग सोल्यांतही वाटा पाहिजे. बोलणी सुरू आहेत.