आबांच्या पोटातली गाठ आणि चाळीस हजारांच्या पुड्या

गेल्या पावसाळ्यात आबांची जळजळ थांबेना म्हणून दुर्बिणीची तपासणी केली. जठराच्या खालच्या टोकाला, अस्तराखाली २ सेंटिमीटरची गाठ, मधोमध खळगी. रिपोर्टात शेवटी ‘जिस्ट?’ असं लिहिलेलं, म्हणजे जठराच्या भिंतीत वाढणारी, कॅन्सर ठरू शकणारी गाठ. डॉक्टर म्हणाले, तुकडा तपासायला पाठवलाय, थांबा. आम्ही कुठले थांबतोय! रात्री तो शब्द मोबाईलवर शोधला आणि घरात कुणी जेवलं नाही.

भावकीतल्या एकानं सांगितलं, कोल्हापुरात स्टँडजवळच्या लॉजवर दर रविवारी एक वैद्य येतो, गाठ विरघळवतो. गेलो. टेबलावर ‘बऱ्या झालेल्यांच्या’ रिपोर्टांची जाड फाईल, नावं पेनानं खोडलेली. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या करड्या पुड्या, एकवीस दिवसांचे १८,००० रुपये. पावती मागितली तर म्हणाला, “पावती केली की गुण जातो.” आबा वर त्याच्या पाया पडले.

चार दिवसांनी बायोप्सी आली, नॉर्मल. तो फोनवर म्हणाला, “बघा, गुण आला! आता मधेच सोडाल तर उलटेल.” आणखी २२,००० दिले. तुकडा पहिल्या पुडीच्या आधीच काढलेला होता, हे घरातल्या दोन पदवीधरांच्या डोक्यात आलं नाही.

नॉर्मल येण्याचं कारण डॉक्टरांनी नंतर सांगितलं. चिमट्यानं फक्त वरचं अस्तर निघतं, गाठ त्याच्या खाली. म्हणून त्यांनी दुर्बिणीतून सोनोग्राफी करायला लावली. जिस्ट बहुतेक स्नायूच्या थरातून वाढते. आबांची गाठ त्याच्या वरच्या थरात होती आणि आत बारीक नळ्या दिसत होत्या. सुई घालून नमुना घेतला, तर निघालं स्वादुपिंड! गर्भात असतानाच त्याचा एक तुकडा भरकटून जठरात बसलेला. कॅन्सर नाही. त्रास देत नसेल तर बहुधा काढतही नाहीत. आबांची जळजळ साध्या ॲसिडिटीची होती, गोळ्यांनी थांबली. गाठ अजून तिथंच आहे, २ सेंटिमीटरच.

हे सांगून पैसे परत मागितले, तर वैद्य म्हणतो, “कॅन्सरच होता, मी त्याचं स्वादुपिंड केलं.”

कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. पण त्याची ना पाटी, ना पावती, सगळा धंदा तोंडी. आबांच्या नॉर्मल बायोप्सीची झेरॉक्स मात्र त्यानं आमच्याकडून मागून घेतली होती. ती आता त्या फाईलीत असणार, नाव खोडून.