सांगलीतला ओईटीचा क्लास : "इंजेक्शन दिलंय" इंग्लिशमध्ये कसं सांगायचं ते इथे कळलं

मी मिरजेत स्टाफ नर्स आहे, ओईटीची (परदेशात काम करायचं असलेल्या नर्स-डॉक्टरांसाठीची इंग्लिशची परीक्षा) तयारी करतेय, म्हणून सांगलीतला एक वीकेंड क्लास लावला होता. सहा आठवडे, फी साडेचार हजार. एका निवृत्त बाई घरीच घेतात, बोर्डबिर्ड काही नाही.

आधी एका ऑनलाइन कोर्सला पैसे घातले होते, तिथे प्रेझेंट परफेक्ट म्हणजे हॅव अधिक व्ही थ्री एवढंच पाठ करून घेतलं. तोंड उघडलं की माझं "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स" ठरलेलं. बाईंनी पहिल्याच दिवशी हे वाक्य पकडलं आणि ते मराठीतूनच येतं हे दाखवलं. आपण "२०१९ पासून" म्हणतो आणि "पाच वर्षांपासून" पण म्हणतो, दोन्हीकडे पासून, इंग्लिशमध्ये मात्र सुरुवात कधी झाली ते सांगायचं असेल तर सिन्स आणि किती काळ ते सांगायचं असेल तर फॉर. आणि आपलं "काम करतेय" चालतं तिथे त्यांना हॅव बीन वर्किंग लागतं.

सगळ्यात भारी भाग हँडओव्हरचा. ड्युटी बदलताना आपण बिनधास्त म्हणतो "आठ वाजता इंजेक्शन दिलंय", मराठीत शंभर टक्के बरोबर. पण तेच "आय हॅव गिव्हन द इंजेक्शन ॲट एट" केलं की चुकलं, कारण वेळ सांगितली की गेव्हच. वेळ नाही सांगितली, नुसतं देऊन झालंय एवढंच कळवायचंय, तर हॅव गिव्हन. इतकी वर्षं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!! तसंच पेशंट एक्सरेला गेलाय, अजून आला नाही, तर हॅज गॉन, आणि जाऊन आलाय तर हॅज बीन.

मग हिस्ट्री घेणं. खोकला कधीपासून येतोय, तर "हाऊ लाँग हॅव यू बीन कफिंग". उलट्या किती वेळा झाल्या, तर मोजायचंय म्हणून "हाऊ मेनी टाइम्स हॅव यू व्हॉमिटेड", इथे कंटिन्युअस नाही. ताप मात्र "हाऊ लाँग हॅव यू हॅड अ फीव्हर", हॅव बीन हॅविंग म्हणायचं नाही, कारण ताप असणं ही स्थिती आहे, क्रिया नाही. डायबेटिस पण तसाच, "ही हॅज हॅड डायबेटिस फॉर टेन इयर्स". गोळ्या घेतोय ते मात्र हॅज बीन टेकिंग. बाई मराठीत पेशंट व्हायच्या, कण्हायच्या सुद्धा, आणि आपण इंग्लिशमध्ये विचारायचं.

आता खटकलं ते. बॅचमध्ये १८ जणी, परीक्षेत दोन रोलप्ले असतात आणि प्रत्येक रोलप्लेला साधारण पाच मिनिटं मिळतात, इथे एका रविवारी कसाबसा एक वाट्याला यायचा. लेटर रायटिंगवर फक्त दोन तास, ते खूपच कमी आहेत. रेकॉर्डिंग मिळत नाही, त्यामुळे नाइट आली की तो तास गेलाच, माझे दोन गेले.

तरी पाचपैकी चार देईन. परवा हँडओव्हर देताना सिस्टरना म्हटलं "शी हॅज बीन कम्प्लेनिंग ऑफ पेन सिन्स धिस मॉर्निंग, आय गेव्ह पॅरासिटामॉल ॲट टू", आणि मध्ये कुठे अडखळले नाही. पुढची बॅच लावणार असाल तर नाइट नसलेला महिना बघूनच लावा.