नर्मदा परिक्रमा: ओंकारेश्वरवरून निघावं का अमरकंटकवरून?

दिवाळी झाली का आपल्या गावातून कोणी ना कोणी परिक्रमेले निघतेच, अन् मंग पारावर हाच वाद. नदी १३१२ किलोमीटर, दोन्ही काठ पायी म्हणजे अडीच हजाराच्या वर, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, गुजरात असं सगळं फिरून, अन् मैया कायम उजव्या हाताले.

अकोला-बुलढाण्यावाल्याले ओंकारेश्वर जवळ, बऱ्हाणपूर-खंडव्यावरून गाडी भेटते. पण तिथून निघालं का पाय तयार व्हायच्या आधीच शूलपाणीची झाडी म्हणजे सातपुड्यातलं डोंगराळ जंगल, धडगावकडचे उभे चढ, सरदार सरोवरात जुनी वाट बुडाली म्हणून डोंगरातूनच जावं लागते, पाठीवर वजन असलं का जीव निघते बावा. मंग समुद्रात नावेनं पलीकडे, तिथून वर अमरकंटक.

गोंदियावाल्याले अमरकंटक सोपं, बिलासपूरवरून पेंड्रा रोड. थंडी मात्र हाडं गोठवते, हजार मीटरवर आहे ते, कांबळ जाडच घ्या. पण डिंडोरी, मंडला करत पाय मुरतात अन् झाडी येईपर्यंत माणूस घट्ट होते. मले तर हेच पटते. परिक्रमेत संग नेलेल्या कुपीतलं, म्हणजे बाटलीतलं, नर्मदेचं पाणी वाहायले शेवटी ओंकारेश्वरले जाच लागते, तेवढा फेरा जास्तीचा.