डिस्टिलरी की वायनरी?

मायक्रोबायॉलॉजीत बी.एस्सी. झालेली माझी भाची दोन वाटांवर अडली आहे: कोल्हापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्याची डिस्टिलरी, की नाशिकची वायनरी. दोन्हीकडे काम यीस्टचंच, दिवस मात्र अगदी वेगळे.

रोजचं काम आधी बघू. डिस्टिलरीत मळीचा वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेली मळी, साधारण दीड दिवसात आंबून 8 ते 10 टक्के अल्कोहोलवर येते, की लगेच पुढची बॅच. फर्मेंटर तापला की यीस्ट दमतं, म्हणून रात्रपाळीतही ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचं प्रमाण) मोजत, कूलिंगवर नजर ठेवत बसावं लागतं. स्पेंटवॉशचा, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेल्या सांडपाण्याचा, वास अंगाला चिकटतो तो वेगळाच. पण चुकलं तर सुधारायला त्याच आठवड्यात संधी मिळते. शिकायला याहून चांगली जागा नाही, असं मला ठामपणे वाटतं. वायनरीत द्राक्षं येतात मुख्यतः जानेवारी ते मार्च. तो हंगाम हुकला की थेट पुढच्या वर्षी. नाक आणि जीभ तयार व्हायलाही वर्षं जातात.

शिक्षणाचं म्हणाल तर अल्कोहोल तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम पुण्याजवळच्या मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये आहे.

नोकऱ्यांत डिस्टिलरी पुढे. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळतात, त्यामुळे ती फक्त दारूवर चालत नाही. वायनऱ्या मोजक्याच.

घराजवळ राहून लवकर कमवायचं असेल, पाळ्या झेपत असतील, तर डिस्टिलरी. चवीचं वेड असेल आणि सुरुवातीला कमी पगारात थांबायची घरची तयारी असेल, तर नाशिक.