राजदूत ३५०चं इंजिन: पैसे आधी क्रँकवर, मग पाइपवर

राजदूत ३५० मोटरसायकलचं इंजिन खाली उतरलं की चर्चा लगेच चेंबर (ताकद वाढवणारा एक्झॉस्ट पाइप), पोर्टिंग (सिलिंडरमधल्या पोर्टचा, म्हणजे भोकांचा आकार बदलणं) आणि जेटिंगवर (कार्ब्युरेटरचे जेट बदलण्यावर) जाते. या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच, पण त्यांचा नंबर शेवटी लागतो. या इंजिनाचं काम टिकतं की पहिल्याच लांब पल्ल्यावर पिस्टन पकडतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो, हे दोनच गोष्टी ठरवतात: क्रँक (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा) किती सरळ आहे आणि क्रँककेस (त्याच्याभोवतीचं कवच) किती हवाबंद आहे.

एस्कॉर्ट्सने १९८३ पासून यामाहाच्या परवान्याखाली बनवलेलं हे ३४७ सीसीचं, दोन सिलिंडरचं एअरकूल्ड टू-स्ट्रोक. बोअर ६४ मिमी, स्ट्रोक ५४ मिमी, रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी पातळ पट्ट्यांची झडप), सहा गिअर, आणि एक पिस्टन वर असताना दुसरा खाली, म्हणजे १८० अंशांचा क्रँक. एचटी (हाय टॉर्क) मॉडेलची ताकद ३०.५ बीएचपी, एलटी (लो टॉर्क) मॉडेलची २७ आणि मूळ जपानी आरडी ३५०ची ३९. ही तफावत भरून काढायची हौस सगळ्यांनाच असते आणि इंजिनात तेवढा दम नक्की आहे. पुन्हा बांधण्याच्या दृष्टीने पाहिलं तर त्या काळच्या आपल्याकडच्या मोटरसायकलींमध्ये इतकं विचारपूर्वक केलेलं इंजिन दुसरं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्रँकपासून सुरुवात करू. बॅरल काढल्यावर कनेक्टिंग रॉडचं वरचं टोक बाजूला ढकलून पाहायचं. चांगल्या क्रँकवर ही हालचाल साधारण ०.८ ते १ मिमी असते. ती २ मिमीवर गेली की बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँककडचं बेअरिंग, संपलं. रॉड सरळ वर-खाली ओढला तर मात्र जराही प्ले चालत नाही.

हा क्रँक प्रेसवर दाबून जोडलेला आहे. चार फ्लायव्हील, चार मेन बेअरिंग आणि दोन्ही सिलिंडरच्या खोल्या वेगळ्या ठेवणारं मधलं लॅबिरिंथ सील. बाहेरची दोन बेअरिंग पुलरने निघतात, मधली दोन मात्र क्रँक पूर्ण खोलल्याशिवाय बदलताच येत नाहीत. इथेच कामात चोरी होते. रॉड किट नवीन टाकलं जातं आणि मधली बेअरिंग ‘अजून चालतील’ म्हणून तशीच राहतात. वर्षभराने त्यांचा आवाज सुरू झाला की सगळा क्रँक पुन्हा प्रेसवर. काम द्यायच्या आधीच सांगा: चारही बेअरिंग नवीन, आणि जुनी मला परत हवीत.

जोडून झाल्यावर क्रँक ट्रू, म्हणजे सरळ, झाला की नाही हे डायल गेजवरच पाहायचं. दोन्ही टोकांना रनआउट (फिरवताना दिसणारा हेलकावा) ०.०३ मिमीच्या आत हवा. लेथवाला नुसती पट्टी लावून ‘ओके’ म्हणत असेल तर क्रँक उचलून दुसरीकडे न्यावा. दोन बाजूंमधला १८० अंशांचा कोनही तपासून घ्यावा, कारण दाबताना तो एखाद-दोन अंश सहज सरकतो. मूळ पॉइंटवर (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या यांत्रिक स्विचवर) हा फरक झाकला जातो, कारण दोन्ही सिलिंडरचं टायमिंग वेगवेगळं लावता येतं. एकाच पिकअपवर (सेन्सरवर) चालणारी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवली की तीच चूक एका सिलिंडरच्या टायमिंगमध्ये कायमची बसते. चेंबर लावून इंजिन वरच्या आरपीएमला पळवायचं असेल, तर ट्रू केल्यानंतर क्रँकपिनच्या टोकांना टॅक वेल्ड (ठिपक्यांएवढं वेल्डिंग) करून घेणं शहाणपणाचं. वेल्डनंतर रनआउट पुन्हा मोजायचा, कारण उष्णतेने तो बदलतो.

आता क्रँककेस. ती वरचा आणि खालचा भाग अशी आडवी उघडते. त्यामुळे क्रँक आणि गिअर एका अर्ध्यात व्यवस्थित मांडून, सगळं नीट दिसत असताना दुसरा अर्धा वरून बसवता येतो. ही या इंजिनाची सगळ्यात सुखाची बाजू. बोल्ट कोणत्या क्रमाने आवळायचे, त्याचे आकडेसुद्धा केसवरच ओतलेले आहेत. एक जागा मात्र फसवी आहे. मेन बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगला भोक असतं आणि केसमधली छोटी पिन त्यात बसावी लागते. पिन भोकात नसेल तर दोन अर्ध्यांमध्ये बारीक फट राहते. ती फट बोल्टच्या जोरावर मिटवू नका. ॲल्युमिनियमची केस तिथेच तडकते. बेअरिंग बोटाने फिरवत पिन ‘टक्’ करून बसली की केस हाताच्या दाबानेच मिटायला हवी.

या जोडाला गॅस्केट नाही, फक्त सीलंट आहे. पेट्रोलला टिकणारा, कडक न होणारा सीलंट पातळ थरात लावायचा. नेहमीचं सिलिकॉन वापरू नये, ते पेट्रोलने फुगतं आणि सुटून आलेल्या कडा तेलाच्या वाटेत जातात.

क्रँकची दोन बाहेरची सील ही या इंजिनाची खरी नाडी. उजवं सील क्लचच्या बाजूला, गिअर ऑइलमध्ये असतं. ते गेलं की इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं: उजव्या सायलेन्सरमधून पांढरा धूर, उजवा प्लग ओला, आणि बाहेर थेंबभर गळती नसताना ऑइलची पातळी खाली. डावं सील अल्टरनेटरच्या बाजूला, कोरड्या जागी. ते गेलं की धूर दिसत नाही, काहीच दिसत नाही. हवा आत येते, मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि डावा पिस्टन पकडतो. मग दोष तेलाला, जेटला, नाहीतर पिस्टनच्या कंपनीला दिला जातो, आणि नवीन पिस्टनही त्याच रस्त्याने जातो. डावीकडे वारंवार सीझ होत असेल तर पिस्टन विकत घेण्याआधी सील बदला.

म्हणून प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय इंजिन फ्रेममध्ये चढवू नये. दोन्ही एक्झॉस्ट पोर्ट रबर आणि पट्टीने बंद करायचे, दोन्ही इनटेक रबरांत बूच घट्ट बसवायचे, प्लग लावायचे आणि हातपंपाने ६ पीएसआय हवा भरायची. सहा मिनिटं काटा जवळजवळ जागेवर राहिला पाहिजे. मिनिटाला एक पीएसआयपेक्षा जास्त उतरत असेल तर साबणाचं पाणी सगळ्या जोडांवर, सीलवर आणि इनटेक रबरांवर सोडून बुडबुडे शोधायचे. मधलं लॅबिरिंथ पूर्ण हवाबंद नसतं, त्यामुळे एकच सिलिंडर बंद करून टेस्ट घेतली तर हवा दुसरीकडून निसटते आणि चांगल्या इंजिनालाही लीक समजलं जातं. या टेस्टला तास-दीड तास लागतो आणि सामान मोजकंच. तुम्ही न सांगताही जो मेकॅनिक ही टेस्ट स्वतःहून करतो, त्याच्याकडे इंजिन निर्धास्त द्यावं.

बोअरिंगबद्दल थोडं. बॅरल ॲल्युमिनियमचं, आत बिडाचं स्लीव्ह. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५ मिमीच्या टप्प्याने १ मिमीपर्यंत असतात. ६५ मिमी बोअरला इंजिन ३५८ सीसी होतं, पण त्याने रस्त्यावर फरक पडत नाही. तेव्हा मुद्दाम मोठं बोअर करू नका, प्रत्येक टप्पा पुढच्या कामासाठी राखा. पिस्टन हातात आल्यावरच बोअर करायचं, आणि प्रत्येक पिस्टन त्याच्याच बॅरलला मोजून. मोजमाप स्कर्टच्या (पिस्टनच्या रिंगखालच्या भिंतीच्या) खालच्या भागात, गजन पिनला (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनला) काटकोनात, मायक्रोमीटरने. मूळ यामाहा पिस्टनला ०.०४ मिमीच्या आसपास क्लिअरन्स पुरतो, फोर्ज्ड पिस्टन जास्त फुगतो, त्याला बनवणाऱ्याने दिलेलाच आकडा पाळायचा. रिंगचा गॅप ०.२ ते ०.४ मिमी. होनिंगनंतर (बोअर घासून गुळगुळीत केल्यावर) प्रत्येक पोर्टच्या कडा हलक्या मारून गोल केल्या नाहीत तर रिंग त्या कडेला अडकते आणि तुटते. बोअरिंगवाला हे स्वतःहून करेल असं धरून चालू नका, बोट फिरवून पाहा. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे.

जुन्या गाड्यांमध्ये एक बॅरल एचटीचं आणि एक एलटीचं लागलेलंही असू शकतं. बॅरलच्या वरच्या कडेपासून एक्झॉस्ट पोर्टपर्यंतचं अंतर दोन्हीकडे व्हर्नियरने मोजलं की लगेच कळतं. असा जोड असेल तर कितीही ट्युनिंग करा, गाडी एकसारखी ओढणार नाही.

हेड बसवताना स्क्विश, म्हणजे पिस्टन वर असताना त्याची कड आणि हेड यांच्यातली जागा, मोजा. जाड सोल्डर वायर प्लगच्या भोकातून पिनच्या दिशेने भिंतीपर्यंत सरकवायची, इंजिन हाताने फिरवायचं आणि दबलेली वायर मोजायची. मूळ हेडला ही जागा मोकळीच ठेवलेली असते. ती १ मिमीच्या जवळ आणली की खालची ओढ सुधारते आणि इंजिन थंड चालतं. पाइप न बदलता करता येण्यासारखं मॉडिफिकेशन म्हणून याला मी पहिला नंबर देईन. ०.८ मिमीच्या खाली मात्र जाऊ नये. हेडचे नट तिरपे-तिरपे, टप्प्याटप्प्याने २२ ते २५ न्यूटन-मीटरपर्यंत.

विजेचं काम या इंजिनाची कमकुवत बाजू. दोन पॉइंट, दोन कॉइल, सगळं बॅटरीवर. बॅटरी बसली की स्पार्क बसला. पॉइंट ठेवायचे असतील तर गॅप ०.३ ते ०.४ मिमी, आणि टायमिंग टीडीसीच्या (पिस्टनच्या सगळ्यात वरच्या स्थितीच्या) आधी २ मिमी, म्हणजे क्रँकवर सुमारे २० अंश. डायल गेज प्लगच्या भोकात लावूनच, कारण तिथे ०.१ मिमीचा फरक म्हणजे जवळजवळ अर्धा अंश. मोठी प्लेट हलवली की दोन्ही सिलिंडरचं टायमिंग हलतं, म्हणून शेवटी दोन्ही पुन्हा तपासायचे. नियमित चालवायच्या गाडीला स्वतःची वीज स्वतः तयार करणारं, बॅटरीवर न अवलंबणारं इलेक्ट्रॉनिक किट घ्यावं. काही किटमध्ये दोन्ही प्लग एकदम ठिणगी टाकतात. खाली असलेल्या पिस्टनचे पोर्ट तेव्हा उघडे असतात, त्यामुळे त्याने बिघडत नाही.

रीडच्या स्टीलच्या पट्ट्यांऐवजी फायबरच्या घ्याव्यात. स्टील तुटलं तर तुकडा सिलिंडरमध्ये जातो, फायबर फारसं नुकसान न करता निघून जातं. टोकाशी ०.३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली की पट्टी बदला.

चेंबर शेवटी. ते लावले की ताकद वरच्या आरपीएमला सरकते, शहरातल्या रहदारीत खालची ओढ कमी वाटते. जेट आधीच मोठा लावून एकेक नंबर खाली यायचं, उलट कधीच नाही. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. त्यामुळे तोच जेट पूर्वीपेक्षा लीन पडतो. जुन्या नोंदींमधले मेन जेटचे आकडे जसेच्या तसे वापरू नका. प्लग बी८एचएस. पूर्ण थ्रॉटलवर असतानाच इंजिन बंद करून, क्लच दाबून प्लगचा रंग पाहायचा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरच्या वाट्या रिकाम्या करा. इथेनॉल पाणी धरतं आणि नव्या क्रँकच्या बेअरिंगवर गंज चढतो.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी ऑइल पंपाच्या पाइपमधली हवा पूर्ण काढा आणि पहिल्या टाकीत पंप चालू असतानाही ५०:१ प्रमाणात टू-टी तेल मिसळा. पहिले ५०० किलोमीटर एकाच वेगाने लांब पळवू नका, थ्रॉटल वर-खाली करत चालवा. त्यानंतर इंजिन पूर्ण थंड असताना हेडचे नट पुन्हा टॉर्कवर तपासा, आणि गिअर ऑइलची पातळी पाहा. बाहेर गळती नसताना ती कमी झाली असेल तर उजवं सील बसवताना कुठेतरी दुमडलं आहे. तसंच चालवत राहू नका, केस पुन्हा उघडा.