ट्रायलच्या नावाखाली विकलेले सलाइन

ऑक्टोबर २०२५ मध्ये मेरी ब्रंकॉ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले. रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटू नये म्हणून तिला आवर घालणाऱ्या रेग्युलेटरी टी पेशींवरील त्यांचे संशोधन खरे आहे, आणि वाशीतील एका केंद्राने नेमक्या त्याच खऱ्या गोष्टीच्या आडून आमच्याकडून पावणेदोन लाख रुपये उकळले.

ठाण्यातील नौपाड्यात राहणाऱ्या माझ्या वहिनींना ल्युपस आहे, म्हणजे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार. अशा पेशींच्या उपचाराच्या क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे रुग्णांवरील चाचणीत, थोड्याच जागा उरल्या आहेत, असे त्यांना फोनवर सांगण्यात आले. केंद्रातील गृहस्थांनी जर्मनीतील एर्लांगेन येथे ल्युपसच्या रुग्णांवर झालेल्या कार-टी (बदललेल्या टी पेशींच्या) उपचारांचे आलेख दाखवले. तेही बनावट नव्हते. मात्र तेथे रुग्णाच्या टी पेशी यंत्राने वेगळ्या काढून, प्रयोगशाळेत त्यांच्यात जनुकीय बदल करून आणि रुग्णाला आधी केमोथेरपी देऊन मगच त्या पेशी परत सोडल्या गेल्या होत्या. वाशीत दोन ट्यूब रक्त घेतले आणि त्याच आठवड्यात ‘या तुमच्याच पेशी’ म्हणून एक पिवळसर बाटली चढवली. बाटलीवर ना बॅच क्रमांक होता, ना वहिनींचे नाव.

पैशांपेक्षा भयंकर होता तो सल्ला. नव्या पेशींना काम करू द्यायचे म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आणि मायकोफेनोलेट हे रोगप्रतिकारशक्ती दाबणारे औषध एकदम बंद करायला सांगितले. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्याच्या अधिवृक्क ग्रंथी (शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड बनवणाऱ्या) मंदावलेल्या असतात, त्यामुळे गोळी अचानक थांबली तर रक्तदाब कोसळू शकतो, आणि ल्युपसला मोकळे रान मिळते ते वेगळेच. वहिनींच्या पायांवर सूज चढली, लघवीतून प्रथिने जाऊ लागली आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले.

त्यांच्या उशाशी बसून मी केंद्राने दिलेली फाइल वाचली. देशातील क्लिनिकल ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असते आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. संमतिपत्रावर छापलेला क्रमांक तेथे शोधला, तर तो गुडघेदुखीवरील, दुसऱ्याच शहरातील अभ्यासाचा निघाला. सहभागी रुग्णांच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीचा संपर्क नव्हता, इजा झाल्यास नुकसानभरपाईचा उल्लेख नव्हता. क्लिनिकल ट्रायलविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार संमतिपत्रात या दोन्ही गोष्टी असाव्या लागतात. शिवाय संशोधनाचा खर्च सहभागी रुग्णाकडून घेऊ नये, असे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ‘ट्रायल’ म्हणून पैसे मागितले जात असतील, तर उठून यावे.

पोलिसांत आणि ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. पावतीवर मात्र ‘वेलनेस पॅकेज’ एवढेच लिहिले आहे. पेशी, ट्रायल, ल्युपस यांपैकी एकही शब्द नाही, आणि आता केंद्राचे वकील त्याच पावतीवर बोट ठेवत आहेत.