घेवड्यावरची बुरशी: खर्च बियाण्यावर करावा की पंपावर?

शेडमध्ये गंधक आहे, मोरचूद आहे, मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची अर्धी पिशवी उरलीय. मग घेवड्याला आणखी वेगळं काय आणायचं? नाशिक जिल्ह्यात दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेशेजारी वीस-तीस गुंठे घेवडा लावणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो. माझ्याही आला होता. (घेवडा म्हणजे इथे श्रावणघेवडा, मुंबईचे व्यापारी जिला फरसबी म्हणतात ती. वालपापडीचं गणित वेगळं आहे.)

पण द्राक्ष वर्षातून एकदा उतरवायचं असतं. घेवड्याचा पहिला तोडा साधारण ४५-५० दिवसांनी सुरू होतो आणि मग दर तीन-चार दिवसांनी तोडावंच लागतं. शेंग जून झाली की तिला कोणी हात लावत नाही. या एका फरकामुळे बागेत कामाला येणारी निम्मी अक्कल इथे चालत नाही. पुढची सगळी तुलना मी या तोड्याच्या अंतरावरच घासून बघितली आहे.

तांबेरा की करपा?

दुकानात पान दाखवलं की बहुतेक वेळा दोन्हीवर चालेल असं काहीतरी हातात पडतं. ते घेण्याआधी पान उलटं करा. पानाच्या खालच्या बाजूला विटकरी रंगाचे बारीक फोड दिसले आणि बोट घासल्यावर गंजासारखी भुकटी बोटाला लागली, तर तो तांबेरा. पानाच्या शिरा खालून काळपट-तांबूस पडल्यात आणि शेंगेवर खोलगट, काळ्या कडेचे डाग आहेत, तर तो करपा, म्हणजे अँथ्रॅकनोज.

दोघांची चाल अगदी निराळी. तांबेरा वाऱ्यावर येतो, बियाण्यातून येत नाही. त्याला १७ ते २७ अंशांची हवा आणि पान दहा-बारा तास ओलं राहील इतकं दहिवर लागतं. एकदा बसला की दहा-पंधरा दिवसांत नवे फोड फुटतात, आणि ते दुसऱ्या फेरीचं बी. करपा मात्र बहुतेक वेळा तुमच्याच पिशवीतून रानात येतो. बियाण्यात तो वर्षानुवर्षं जिवंत राहतो, मग पावसाच्या थेंबांनी आणि ओल्या झाडांतून फिरणाऱ्या माणसांच्या कपड्यांनी ओळीमागून ओळ धरतो. म्हणून तांबेऱ्यात लक्ष हवेवर ठेवायचं आणि करप्यात बियाण्यावर. करप्याच्या रानात दहिवर सुकेपर्यंत तोडणीची माणसं घालू नयेत. मजूर सकाळी लवकर आलेले असतात, रोज मोजावा लागतो, त्यामुळे हे सांगायला सोपं आणि पाळायला अवघड आहे, हे मलाही ठाऊक आहे.

भुरी, म्हणजे पानावरची पांढरी पावडर, ओळखायला द्राक्षवाल्याला शिकवणी लागत नाही. मर आणि मूळकूज हा जमिनीतला प्रकार. रोप पिवळं पडून कोलमडतं, उपटलं तर खोडाच्या बुडाशी पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे, किंवा तांबूस खचलेला चट्टा दिसतो. दाणे दिसले तर ते स्क्लेरोशियम. वरून कितीही फवारा, त्याला काही होत नाही.

आणखी एक फसवणारा आहे. डाग पाणीदार दिसतो, भोवती रुंद पिवळी कडा असते आणि पान कागदासारखं करपतं. हा जिवाणू करपा, बुरशी नव्हेच. यावर मॅन्कोझेब मारणं म्हणजे पैसे पाण्यात. ताम्रयुक्त औषधाने तो फार तर थोडा आटोक्यात राहतो.

घरचं बी की विकतचं?

इथे मी सरळ बाजू घेतो. शेंगेचा घेवडा करायचा असेल तर घरचं बी नको. एका पावसाळी हंगामातल्या शेवटच्या, जून झालेल्या शेंगा मी बियाण्याला ठेवल्या. दाणे टपोरे होते, दोन-चारवर तपकिरी डाग होते, ते निवडून टाकले आणि बाकीचे पेरले. पहिल्या दोन पानांवरच काळपट रेघा आल्या. डाग न दिसणाऱ्या दाण्यातही करपा असू शकतो, हे मला तेव्हा कळलं.

घरचंच बी ठेवायचं असेल तर ते उन्हाळी पिकाचं ठेवा. कोरड्या हवेत, ठिबकवर वाढलेल्या आणि शेंगेवर एकही डाग नसलेल्या पट्ट्यातलं. पावसाळ्याच्या पिकाचं कधीच नको.

जातीचं बोलायचं तर बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का अनूप ही तांबेरा आणि जिवाणू करपा दोन्हींना प्रतिकारक म्हणून दिलेली जात आहे. रब्बीत तांबेऱ्याचा त्रास होत असेल तर तीन फवारण्यांच्या पैशात असं बी येत असेल, तर मी बी घेईन. मात्र तांबेऱ्याला टिकणारी जात करप्यालाही टिकेल असं समजू नका. करप्याच्या बुरशीच्या बऱ्याच वंशजाती आहेत, एकीकडे टिकलेली जात दुसरीकडे बसते.

बेवड (आधीचं पीक) कशाचा?

टोमॅटो संपला की त्याच मल्चिंगच्या (जमीन झाकणाऱ्या प्लास्टिकच्या) कागदावर, त्याच तार-बांबूवर वेलीचा घेवडा लावायची पद्धत आपल्याकडे आहे. खर्च वाचतो, वेल वर गेल्याने हवा खेळते आणि कागदामुळे मातीचे शिंतोडे पानावर उडत नाहीत. करप्या-तांबेऱ्याच्या दृष्टीने ही सोय चांगलीच आहे. पण स्क्लेरोशियम आणि रायझोक्टोनिया या दोन्ही बुरशा टोमॅटोतही राहतात आणि घेवड्यातही. टोमॅटोत बुडाशी कूज दिसली असेल तर त्या कागदावर घेवडा लावणं म्हणजे तिला तयार पंगत वाढणं. सोयाबीनच्या बेवडावरही हीच भीती. मका, बाजरी किंवा गव्हानंतरचं रान सगळ्यात निश्चिंत. करपा येऊन गेलेल्या रानात दोन-तीन वर्षं घेवडा नको.

पाण्यात ठिबक आणि तुषार यांची तुलनाच नाही. तुषार पान भिजवतो, म्हणजे दहिवराचं काम आपणच करतो. पाटपाणी पान कोरडं ठेवतं, पण बुडाशी पाणी साचलं तर मर वाढते. पाट द्यायचाच असेल तर बेडवर लावा आणि सरीत पाणी तुंबू देऊ नका.

बियाण्याला औषध की ट्रायकोडर्मा?

दुकानदार दोन्ही देतो, आणि बरेचजण दोन्ही एकावर एक चोळतात. ट्रायकोडर्मा स्वतःच बुरशी आहे, रोगाच्या बुरशीला दाबणारी. कार्बेन्डाझिम लावलेल्या दाण्यावर ती चोळली तर आपणच आणून आपणच मारतो.

रान नवं असेल किंवा मका-गव्हाचं असेल आणि बियाणं कुठून आलं याची खात्री नसेल, तर थायरम किंवा कार्बोक्सिन-थायरम, किलोला ३ ग्रॅम. दाण्याच्या वरच्या थरातली बुरशी त्याने मरते, आत खोल गेलेला करपा पूर्ण जात नाही. बियाणं खात्रीचं आणि भीती जमिनीतल्या कुजीची, तर ट्रायकोडर्मा. दाण्याला लावलेला थोडाच पुरतो. खरा उपयोग शेणखतात मुरवून दिलेल्याचा: एकरी अडीच किलो ट्रायकोडर्मा शंभर किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळायचा, सावलीत ओलसर ठेवून आठवडाभर मुरवायचा आणि बेडमध्ये द्यायचा. कोरड्या रानात फेकला तर तो उन्हात जातो. मर दिसायला लागल्यावर केलेली आळवणी (बुडाशी द्रावण ओतणं) शेजारची झाडं वाचवते, पडलेलं झाड उठवत नाही.

पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं रंगवलेलं असेल तर औषध लावून झालेलं आहे, त्यावर परत काही नको. जिवाणू खत द्यायचं तर घेवड्याचंच रायझोबियम मागा. सोयाबीनचं उरलेलं चालत नाही.

आता शेडमधलं औषध

| औषध | कशावर | पाऊस आला तर | तोडे चालू असताना |
|---|---|---|---|
| पाण्यात मिसळणारं गंधक | भुरी | धुऊन जातं | त्यातल्या त्यात सोयीचं |
| बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण), कॉपर ऑक्सिक्लोराइड | करपा, जिवाणू करपा (थोडंफार) | बोर्डो बऱ्यापैकी चिकटतं | शेंगेवर निळे डाग |
| मॅन्कोझेब | तांबेरा, करपा. येण्याआधीच | धुऊन जातं | नको |
| हेक्साकोनॅझोल, टेब्युकोनॅझोल | तांबेरा, भुरी | काही तासांत पानात मुरतं | नको |

तक्त्यातला शेवटचा रकाना महत्त्वाचा. आंतरप्रवाही, म्हणजे पानात मुरणाऱ्या, औषधाच्या लेबलवर फवारणी ते काढणी असा जो काळ दिलेला असतो, तो घेवड्याच्या दोन तोड्यांतल्या अंतरापेक्षा बहुतेक वेळा मोठा निघतो. म्हणजे तोडे सुरू झाल्यावर ट्रायझोल (तक्त्यातली शेवटची दोन औषधं याच गटातली) मारलं तर दोन-तीन तोडे फेकून द्यावे लागतील, नाहीतर औषधासकट बाजारात जातील. फेकणारा मी अजून पाहिलेला नाही. म्हणून ट्रायझोल वापरायचं तर फुलं लागायच्या आधी, तांबेऱ्याचे पहिले फोड दिसताच, एकदा. फार तर दोनदा, आणि दुसऱ्यांदा गट बदलून. कोवळ्या पिकावर मात्रा वाढवली तर पानं गर्द हिरवी होतात, आखडतात, वाढ थांबते. लोक त्यालाच काळोखी म्हणून खूश होतात.

मॅन्कोझेब पानाच्या वरच राहतं, रोग आत शिरल्यावर ते काही करत नाही. लिटरला २ ते अडीच ग्रॅम, ढगाळ हवा दिसताच आणि पानाच्या खालच्या बाजूला. युरोपीय संघाने २०२० च्या डिसेंबरात त्याची मान्यता पुढे न चालवण्याचा निर्णय घेतला, हे निर्यातीच्या द्राक्षवाल्यांना पाठ आहे. घेवडा आपल्या घरीही शिजतो, तेव्हा हाच हिशोब इथेही लावावा.

बोर्डोत द्राक्षवाल्याचा हात बसलेला असतो: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी, आणि लोखंडी पात्यावर तांबूस थर येतो का ते बघायचं. फ्रान्सच्या बोर्डो भागात १८८५ च्या सुमारास हे द्राक्षाच्या डाऊनीसाठी (केवडा रोगासाठी) निघालं. पण घेवड्याचं पान द्राक्षाच्या पानापेक्षा नाजूक असतं, गार-ओल्या हवेत तांब्याने करपतं. आधी पाच-सहा झाडांवर मारून दोन दिवस थांबा. गंधकाचं उलटं, ते उन्हात भाजतं. पारा ३२ च्या पुढे असेल तर मारू नका, आणि तेलयुक्त फवारणीनंतर दोन आठवडे तरी नको.

द्राक्षाचं लेबल घेवड्याला लागू होत नाही. डब्यावर पिकांची यादी असते, त्यात घेवडा किंवा फरसबी आहे का ते बघा. नसेल तर शेडमध्ये पडून असणं हे वापरायचं कारण नव्हे. आणि मक्यावर २,४-डी हे तणनाशक मारलेला पंप घेवड्यावर आणू नका, वाकडी झालेली पानं बघून रोगाचं औषध शोधत बसाल.

तुमचं रान कुठे आहे?

इगतपुरीला पाऊस ३००० मिलिमीटरच्या घरात किंवा पुढे जातो, त्र्यंबकलाही तो भरपूर. तिथे खरिपात फवारणीच्या भरवशावर घेवडा करू नये, औषध सुकायला उघडीपच मिळत नाही. करायचाच तर उंच बेड, खात्रीचं बी आणि ओळीत जास्त अंतर. पैसे तिथेच घालावेत. माझं मत विचाराल तर तिथे रब्बीच बरी.

निफाड-दिंडोरीची रब्बी वेगळी. ऑक्टोबरात टोकलेल्या पिकाला नोव्हेंबरचं दहिवर तांबेऱ्यासाठी आयतंच मिळतं. इथे प्रतिकारक जात आणि फुलाआधीची एक फवारणी यांची जोडी सगळ्यात फायद्याची. पुढे डिसेंबरच्या कोरड्या दिवसांत आणि गार रात्रीत भुरी येते. तोडे चालू असले तरी सकाळी गंधक मारून लेबलवरचा काळ पाळता येतो.

येवला-सिन्नरकडे पाऊस ५००-६०० मिलिमीटरच्या आसपास. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या उन्हाळी पिकात पानांवरचे रोग कमीच. तिथे पंपाचे पैसे वाचवून शेणखत-ट्रायकोडर्मात घाला, कारण तापलेल्या आणि पाण्याचा ताण बसलेल्या रानात खोडाची राखाडी कूज डोकं वर काढते.

राजम्यासाठी दाणाच वाळवायचा असेल तर वरचं बरंच सैल होतं. काढणी एकदाच, त्यामुळे लेबलवरचा काळ पाळून आंतरप्रवाही औषध वापरता येतं. करपा मात्र तिथे जास्त महाग पडतो, दाण्यावरचा डाग लपत नाही.

चौथ्या-पाचव्या तोड्याला शेंगांवर करप्याचे डाग दिसू लागले तर मी औषध आणत नाही. चांगल्या शेंगा कोरड्या उन्हात तोडून घेतो, झाडं उपटून रानाबाहेर जाळतो आणि त्याच बेडवर मका टोकतो.